चतुःसीमा

पाळकसाहेबांनी कागद दिला, तीन पानं, स्टेपल केलेली.
म्हणाले, लोणारेजी, तुम्ही रजिस्ट्रीत छत्तीस वर्षं काढली,
यातली खोट तुम्हालाच दिसेल.
मानकापूरची ती नवी मंडळी
रविवारी दुपारी आपलं सभागृह मागून राहिली.
द्यायचं की नाही, ते त्यांचा विश्वास वाचून ठरवू.

मे महिना. कूलरची वाळ्याची ताटी कालच बदललेली,
तिचा ओला वास, पंपाची घरघर,
आणि मी लाल पेन्सिल घेऊन
देवाचं खरेदीखत तपासायला बसलेलो.

सवयीनं आधी चतुःसीमा पाहिल्या.
पूर्वेस त्र्यैक्य. नावं पूर्ण, क्रम ठीक,
कुणाचा हिस्सा कमी दाखवलेला नाही.
पश्चिमेस क्रूस.
दक्षिणेस पवित्र शास्त्र, पुस्तकं सहासष्ट, मोजली.
उत्तरेस न्यायाचा दिवस,
तारीख घातली नाही, हे बरं केलं.

बाप्तिस्मा बुडवून. आमच्याकडे शिंपडून.
समासात लिहिलं : पाण्याचं प्रमाण, किरकोळ.
मग खोडलं.
याच किरकोळीवरून माझ्या आज्याचा सख्खा भाऊ
कामठीला वेगळी चूल मांडून मेला.

प्रत्येक कलम ‘आम्ही’नं सुरू.
आम्ही मानतो. आम्ही मानतो. आम्ही मानतो.
‘आपण’ एकदाही नाही.
मराठीनं या शब्दाला दोन दारं ठेवलीत,
यांनी आतून कडी असलेलंच निवडलं.
एवढं लिहून मला बरं वाटलं,
चूक सापडली की वाटतं तसं.
मग कपाटातून आमचा मतांगीकार काढला.
तो तर ‘मी’नं सुरू होतो.
साठ वर्षं उभा राहून म्हणत आलो,
पेन्सिल घेऊन कधी वाचला नव्हता.

कलम नऊ.
‘ज्याचा विश्वास पूर्ण, त्याच्या देहात रोग टिकत नाही.’

टोक मोडलं.

मेडिकलचा वॉर्ड, खिडकीजवळची खाट,
सुवार्ता, माझी बायको, सुजलेले पाय,
आणि शेवटच्या मंगळवारी नर्सला विचारत होती,
पोरगी पास झाली का तुझी?
तिचा किती कमी पडला?
कोणत्या काट्यावर मोजला, कोणी?
समासात जागा उरली नाही,
तेव्हा पान उलटून मागच्या बाजूला लिहिलं.
तिथं सह्या होत्या.
फिलेमोन टेकाम, सेक्रेटरी.

हा तोच.
एकोणीस रात्री मानकापुराहून स्कूटरवर डबा आणायचा,
खिचडी, वर लिंबाची फोड.
मला डुलकी लागली की लघवीची पिशवी रिकामी करायचा.
प्रार्थना केली ती मनात, ओठ हलताना दिसायचे.
मोठ्यानं एकच वाक्य :
काकाजी, तुम्ही जेवले का?

कागदात एक अन् ताब्यात दुसरं,
असे दस्त किती आले माझ्या टेबलावर.
पण असा उलटा नव्हता आला.

अभिप्राय लिहिला :
चतुःसीमा जुळतात.
कलम नऊ चूक आहे, असं मी मानतो.
सही करणारा त्या कलमाहून मोठा आहे,
हे नोंदवायला रकाना नाही.
सभागृह द्यावं.

किल्ली घ्यायला तोच आला.
मी कागद पुढं केला, नऊवर बोट ठेवलं.
त्यानं वाचलं, किती वेळ वाचलं.
म्हणाला, काकाजी, मी ते खरं मानतो.
मग म्हणाला, तिथं बोलावलंच नाही.

त्यावर मला काही सुचलं नाही, त्यालाही.
पंप कोरडा वाजू लागला होता.
बादली कुठं आहे, त्याला ठाऊक होतं.
टाकी भरायला तो उठला.