कुसळं

टोकावड्याच्या अलीकडे, चिंचेखाली
हौसाबाई देसल्यांची टपरी.
ठाण्याहून मी सत्तरेक किलोमीटर,
ओतूरहून तू, माळशेज उतरून, पन्नासएक.
वकिलांनी हे अंतर मोजलं नव्हतं,
आपणच मोजलं.
दर दुसऱ्या रविवारी, साडेनऊला.

त्याआधी मुरबाड रस्त्यावरची दोन हॉटेलं झाली.
एकात ‘कुत्र्यांस मनाई’ अशी पाटी,
दुसऱ्यात पाटी नव्हती, मालक होता.
हौसाबाईंनी सुंठीला पाहिलं,
डांबरावर तिचे पंजे कसे उचलून पडतायत ते पाहिलं,
आणि आपल्याला बसा म्हणायच्या आधी
जर्मनच्या टोपात पाणी ठेवलं तिच्यापुढे.
‘बांधता कशाला? ती काय पळून चाललीय?’
आपण दोघं पट्ट्याकडेच बघत राहिलो.

सुंठीवाचून खोकला गेला म्हणतात.
आपला गेला.
सुंठ उरली.

टपरीमागून पायवाट चढते टेकडीवर,
वर शेंदूर फासलेला वाघोबा, नवसाच्या चार घंटा,
त्यातली एक बिनलोळीची.
पहिल्या खेपेला मी खालीच थांबलो,
दुसऱ्या खेपेला तू.
तिसऱ्या खेपेला सुंठच अर्ध्या चढणीवर बसली,
मागे वळून, जीभ बाहेर,
उरलेलं माणूस येईपर्यंत हलेना.
तेव्हापासून तिघं जातो.
बोलणं फार नसतं.
निसरड्या मुरमावर तू म्हणतेस ‘सांभाळून’,
कोणाला, ते मी विचारत नाही.

माघात टेकडीवरचं गवत वाळतं,
आणि उतरेपर्यंत
अर्धी टेकडी सुंठीच्या अंगावर आलेली असते.
कुसळं. कानामागे, बगलेत, शेपटीच्या झुपक्यात.
मग बाकड्यावर ती मधे, आपण दोन्हीकडे.
तुझ्या बाजूची तू काढतेस, माझ्या बाजूची मी.
पोटाखालची कोणी काढायची
हे कुठल्याच कागदात नव्हतं.

दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ
ही म्हण तू एकदा जेवताना फेकून मारली होतीस मला,
मीही झेलून परत फेकली होती, वरण निवेपर्यंत.
मुसळं होती की घरात, दोन होती.
फ्रिज मागितला, पुस्तकं मागितली, वॉशिंग मशीनवर तर दोन तारखा गेल्या.
मुसळं कोणी मागितली नाहीत.

हौसाबाई ताटं आणतात:
तव्यावरून उतरलेली तांदळाची भाकरी,
वालाचं बिरडं, निखाऱ्यावरचा बोंबील,
ठेचा इतका तिखट की
डोळ्यांत पाणी यायला आयतं कारण मिळतं.
शेवटची भाकरी बिनमिठाची, जरा करपलेली, सुंठीची.
बोंबलाकडे ती बघते, मग आकाशाकडे,
जणू तो तिने पाहिलाच नाही.
तू हसतेस.
मी ते ऐकून बिरडं मागून घेतो, पोट भरलेलं असताना.

परवा जेवून ती बाकड्याखाली झोपली.
झोपेत पाय चालत होते, टेकडी चढत असावी पुन्हा.
अकरा वाजले, बारा वाजले.
पाळी तुझी होती, तिला घेऊन घाट चढायचा होता तुला.
उठव, असं तू म्हणाली नाहीस,
मीही हाक मारली नाही.
हौसाबाई न सांगता तिसरा चहा ठेवून गेल्या:
‘उठंल तवा उठंल. गिऱ्हाईक न्हाय कोन मागं.’
चहात आलं जास्त होतं.
आपण आल्याबद्दल बोललो, बराच वेळ.

मग तुझी गाडी घाटाकडे वळली.
मागच्या काचेत दोन कान, आणि नंतर तेही नाहीत.

रायत्याच्या पुलावर मोज्यात काहीतरी टोचलं.
गाडी बाजूला घेता आली असती,
जागा होती.
तसाच ठाण्यापर्यंत आलो
क्लच दाबताना दर वेळी
बारीकसं
टोचून घेत.