चौदा ग्रॅम

चुनाभट्टीच्या काट्यावर बसून
एकवीस वर्षं ट्रक तोलले मी.
भरलेला वजा रिकामा, फाड पावती, पुढचा.

शंभर किलो चुनखडी भाजली
की कळी निघते छप्पन्न.
उरलेले चव्वेचाळीस कुठं जातात
हे मालकानं विचारलं नाही कधी,
मीही नाही.
वणीकडचा वारा काही पावती मागत नाही.

मग अस्मिता कुळसंगे आली नागपूरहून,
आमच्याच वच्छलाबाईची पोरगी,
जिची माय अजून गोटे वाहते भट्टीवर.
थर्मलची राखड आणली, आमच्या उकिरड्यावरचा चुन्याचा गाळ मळला,
विटा दाबल्या,
आणि धुराड्यातून एक नळी काढून
बंद टाकीत सोडली.
"काका, रातभर दम खाऊ द्या विटेले."

मी हसलो.
आजवर आभाळालाच चुना लावत आलो आपण,
आता हे पोरगं म्हणते
चुनाच धूर पिऊन दगड होते!

माझा काटा दहा किलोच्या खाली बोलत नाही.
म्हणून गेलो ढोमणे सराफाकडं, चांदीच्या काट्यावर.
आधी वाळवून, ओल मोजायची नाही म्हणे:
दोन हजार चारशे साठ.
दुसऱ्या दिवशी, पुन्हा वाळवून,
दोन हजार चारशे चौऱ्याहत्तर.
ढोमणेनं काच पुसली, पुन्हा ठेवली.
"काय भाव आहे हो याचा?"

परतताना फटफटीवर मागं बसून
मी हिशेब करत होतो.
चव्वेचाळीस किलोला
तीन हजार एकशे त्रेचाळीस विटा.
तेही नुसत्या शंभर किलो गोट्यांचे,
आणि आमच्याकडं दिवसाला अकरा ट्रक.
सांगितलं तिला.
"मालूम आहे," म्हणाली,
गियर बदलला,
आणि खड्डा चुकवला नाही.

संध्याकाळी पावतीबुक उघडलं.
माल: धूर.
वजन: चौदा ग्रॅम.
जावकचा रकाना आपोआप पेनाखाली आला,
सवयीनं.
खोडला. आवक लिहिलं.
नाव कुणाचं टाकायचं ते सुचेना,
तेवढी जागा अजून कोरी आहे.

आणि वच्छलाबाई,
जिला यातलं कुणी काही सांगितलं नव्हतं,
तीच वीट बुडाखाली ओढून
डबा उघडून बसली होती.
"बरी आहे बाप्पा," म्हणाली,
"चटका नाही देत."