परतीला वीस मिनिटं जास्त

विट्यात स्टँडसमोर माझं तिकिटांचं दुकान.
आधी एसटीचं, मग रेल्वेचं, आता जास्त करून विमानाचं,
कारण इथली अर्धी तरणी पोरं गलाईला
आणि गलाईवाला तिथं, जिथं कुणाचं तरी सोनं वितळतं:
कोचीत, कटकला, सिल्चरला.
ही नावं मी स्क्रीनवरच शिकलो.

प्रभावती देवकर महिन्याच्या पाच-सहा तारखेला येते,
भिशी भरून झाली की.
तिकीट काढत नाही. विचारते,
"आज रात्री बसलं तर दिमापूरला कधी?"

पुण्यापर्यंत गाडी पाच तास,
खंबाटकीत तुंबली तर सहा.
पुणे ते कोलकाता पावणेतीन,
तिथं खुर्चीत चार तास बसून,
मग तासा-दीड तासाची एक छोटी उडी.
सरळ धरलं तर बावीसशे किलोमीटर.
"सरळ म्हंजे? मधी डोंगर न्हाईत?"
"वर नसतात."
यावर ती जरा वेळ गप्प.

एकदा म्हणाली, घड्याळ तर एकच हाय आपलं,
पण पाचला फोन लावला की ह्यांच्याकडं दिवे लागलेलं
आणि माझ्याकडं रेवणगावच्या घाटावर अजून ऊन,
म्हशीची धार काढायची बाकी.
मग मधला तास-दीड तास जातो कुठं?
मुशीतल्या सोन्याची घट वहीत लिहितात,
हिची कोण लिहितं?

मला काही सुचलं नाही. मी दर दाखवला:
सोमवारी सहा हजार नऊशे, गुरुवारी अकरा.
तिनं आकडे भिशीच्या कार्डामागं उतरून घेतले,
तिथं आधीचे सगळे होते,
दोन वर्षांचे.

मागच्या महिन्यात वेगळंच.
"तिकडनं इकडं यायला किती?"
तेवढंच, म्हणालो. नाही, थोडं जास्त.
जाताना वारा पाठीवर असतो, येताना तोंडावर.
वीस मिनिटं, कधी तीस.
"बघा," ती हसली, "म्हंजे त्यांची चूक न्हाई तर."
दुकानात आणखी एक गिऱ्हाईक होतं,
त्याला हसावं की नाही कळेना.

काल आधार कार्ड घेऊन आली.
एक तिकीट. जायचं.
"परतीचं?"
"ते तिकडं गेल्यावर बघू."
खिडकीला साडेतीनशे जादा.
"नको. ढगच असणार."
सामान पंधरा किलो, म्हटल्यावर
ओठातल्या ओठात बेरीज सुरू झाली:
शाळूचं पीठ पाच, येसर एक,
शेंगदाण्याची चटणी, त्यांचा जुना स्वेटर
(तिकडं थंडी असते ना?), हुलगं दोन...
मिलिग्रॅमवर भांडणाऱ्या घरातली बाई,
चौदा किलो आठशेवर येऊन थांबली.

"राहू द्या तेवढं," मी म्हणालो,
"विमानतळाचा काटा कधी पुढं असतो."

"दोनशे ग्रॅम हायत अजून," ती म्हणाली. "काय घालू?"
आणि माझ्याकडं बघत राहिली,
जसं काही मी त्यांना ओळखतो,
जसं काही मी कधी
विमानात बसलोय.