डावा कान

राडिमच्या बापाचा डावा कान घणाने नेला,
कारखान्यात, बत्तिसाव्या वर्षी.
म्हणून गॅरेजात रात्री दोनपर्यंत ड्रम बडवले
तरी घरातून कुणी ओरडलं नाही;
ओरडायच्या त्या शेजारच्या क्रेपेल्काबाई.

पहिल्या कॅसेटच्या दोनशे प्रती.
अकरा खपल्या.
उरलेल्या क्व्येताने ट्रॅम डेपोच्या खानावळीत
सुपाबरोबर फुकट वाटल्या.

आता ओस्त्रावात घणाच्या त्याच बंद शेडमध्ये
त्यांचा कार्यक्रम, तिकिटं संपलेली.
प्रागहून आलेली पोरं
यांच्या आधीच यांचे शब्द म्हणतात.

बाप मागे, लोखंडी कठड्यावर
तळहात टेकवून.

नंतर बिअर ओतताना एवढंच:
"तिसरा ठोका उशिरा पडतो रे तुझा.
आमचा घण कधी मागे राहिला नाही."

राडिमने ग्लास बाजूला सारला,
टेबलावर बोटांनी
पुन्हा मोजायला घेतलं.