आठवा गुरुवार

दर गुरुवारी सकाळी दुष्काळाचा नकाशा येतो.
मी छापून काचेला चिकटवते, अजून गरम असतो कागद.
खिडकीशी चौघे-पाचजण, टोप्या हातात,
आणि डेल्मर स्कोगेन, जो टोपी कधीच काढत नाही,
विचारतो, "काय गं रोवीना, आज आपला रंग कोणता?"
नारंगी, मी म्हणते.
तो मान डोलावतो, बाजारभाव ऐकल्यासारखी.

सलग आठ आठवडे नारंगी हवा.
सात चालत नाहीत.
आठ भरले की सरकार मानतं, गवत गेलं.
गवताला ते जूनमध्येच कळलं होतं.

मी विचारायचं ते विचारते:
एकर किती, जनावरं किती, भाडेपट्ट्याची प्रत आणलीत?
चाऱ्याचा प्रकार: "नैसर्गिक कुरण", इथे खूण करा.
तो म्हणतो, आमच्याकडे सुईदोरा होता,
बी टोकदार, मागे वीतभर धागा,
मेंढीच्या कातड्यात शिवण घालणारं गवत.
आजोबा शिव्या द्यायचे त्याला.
आता दिसलं तर गुडघे टेकीन.
फॉर्मात सुईदोऱ्याला रकाना नाही.
मी "नैसर्गिक कुरण" वर खूण केली.

तिसऱ्या आठवड्यात तळ्याचा चिखल झाला,
रुतलेली गाय ट्रॅक्टरनं ओढून काढली.
पाचव्यात त्यानं म्हाताऱ्या गाई विकल्या,
दोनशे बारा नंबरची मात्र ठेवली.
कळप तिच्यामागे चालतो, म्हणाला,
ती गेली तर बाकीच्यांना पाणी कोण दाखवणार?
कुठलं पाणी, असं मी विचारलं नाही.

सातव्या आठवड्यात, मंगळवारी रात्री,
विमानतळाजवळ पाऊस झाला. पाव इंच.
तिथं कुंपणाला मोजपट्टी लावलेली आहे,
तिनं तो इमानदारीनं मोजला.
डेल्मरकडे, अकरा मैलांवर, नुसता वास आला.
गुरुवारी आमचा तालुका बिस्किटी झाला.

मी काचेच्या अलीकडून सांगितलं.
तो बराच वेळ नकाशा बघत राहिला,
डॉक्टरच्या भिंतीवर परक्याचा एक्स-रे बघावा तसा.
मग हसला. खरंच हसला.
"पाऊस पडला म्हणून रडणारा
माँटानात मी पहिलाच असणार."

कॉटनवुड ओढ्यापलीकडे दुसरा तालुका, तिथं नारंगी कायम.
तिथं त्याची बहीण आर्डिस. तीच माती, तेच टोळ,
मधे तीन तारांचं कुंपण.
तिचा चेक मंजूर झाला.
पुढच्या रविवारी तिनं ट्रेलरभर गवताच्या गाठी
त्याच्या फाटकाशी उतरवल्या
आणि हॉर्नही न वाजवता परत गेली.
बापाच्या जमिनीच्या वाटणीपासून
दोघं एकमेकांशी बोलत नाहीत.

मोजणी पुन्हा एकपासून.
एक, दोन. सप्टेंबर. चार.
आयोवाहून येणाऱ्या गाठींचा भाव
दर ट्रकमागे वाढत गेला.
पाच. सहा.
डेल्मर आता खिडकीशी काही विचारत नाही,
बोटं वर करतो, मी मान हलवते.

सातव्या बुधवारी रात्री मला जाग आली.
पत्र्यावर टपटप.
मी ओसरीवर गेले, अनवाणी.
माझा बापही गुरंच पाळायचा. एका कोरड्या वर्षी
त्यानं मला वाळकं गवत चघळायला लावलं होतं,
म्हणजे तुला कळेल, म्हणाला,
कशाची वाट बघायची असते ते.
आणि मी, त्याची मुलगी,
अंधारात हात पुढे करून, तळव्यावर थेंब झेलत
म्हणत होते: आज नको.
अजून आठ दिवस थांब.
मग ये हवा तेवढा.

थांबला तो. दहा मिनिटांत थांबला.
मला बरं वाटलं,
आणि मग त्या बरं वाटण्याबरोबर
सकाळपर्यंत जागत बसावं लागलं.

आठव्या गुरुवारी नकाशा नारंगी.
डेल्मरनं सही केली. "जनावरं किती"पुढे
एकशे चाळीस खोडून त्रेसष्ट लिहिलं.
मी म्हटलं, खोडाखोड चालत नाही, नवा फॉर्म घ्या.
त्यानं नवा घेतला.
पेन मात्र माझं घेऊन गेला, विसरून,
आणि मी हाक मारली नाही.