वाफ

चिंधू झाडेचा दम हिवात डोळ्यांना दिसायचा.
पौषातली रात्र, शाळेमागचं पटांगण,
बांबूला बांधलेला एकच हॅलोजन
आणि त्या उजेडात त्याच्या तोंडातून निघणारी वाफ,
कबड्डीकबड्डीकबड्डी
शब्द थोडे, धूर जास्त.
कुडमेथे गुरुजी पंच. उजव्या कानानं ठार बहिरे,
म्हणून डोळ्यांनीच ऐकायचे.
वाफ तुटली की शिट्टी.
चिंधूची वाफ तुटता तुटायची नाही,
घाटंजीचे पोट्टे वाकून वाकून कंबर धरायचे
आणि हा आपला रेषेवर नाचतोच आहे.

कापसाची दुसरी वेचणी आटोपली
की आम्ही जमीन खणायला घ्यायचो.
ढेकळं फोडा, माती चाळा,
शेणपाणी, मिठाचं पाणी, वर तुरीचं बारीक कुटार,
आठ दिवस नुसतं चोपत राहायचं.
रेषा आखणं माझ्याकडे.
चुना सरला की चुलीतली राख.
सामना संपेपर्यंत मधली रेष
निम्मी पोटऱ्यांवर, निम्मी दातांत.

पाहुण्यांचा संघ ट्रॉलीत घोंगड्या पांघरून यायचा.
बक्षीस पाचशे एक रुपये, आणि एक बोकड,
जो रात्रभर इस्तवाजवळ बसून
पऱ्हाटीची बोंडं चघळत सामना पाहायचा.
मध्यंतरात सातही जण उघडे उभे,
जवसाच्या तेलाचा वास,
खांद्यांवरून वाफ निघतेय
चुलीवरच्या हंड्यासारखी.

खोटं कशाला बोलू.
त्याच मातीनं माझी हासळी मोडली.
रुषी निखाडे आजही पायरी उतरताना
आधी उजवा पाय टाकतो, मग थांबतो, मग डावा.
मॅट असती तर त्याचा गुडघा त्याच्याजवळ असता.
आणि पोरी तेव्हा दोरीबाहेरच होत्या.
आता त्याचीच नात डावा कोपरा धरते,
घोट्यात बोटं अशी रुतवते
की मला माझा हात आठवतो.

चिंधूचा नातू हर्षल टीव्हीवर खेळतो.
भर श्रावणात. कुठल्याशा गारेगार हॉलात,
निळ्या गादीवर, बूट घालून.
अख्खं गाव पाहतं, मीही पाहतो,
त्यानं गडी मारला की मीही मांडी थोपटतो.
पण कबड्डी हा शब्द काही ऐकू येत नाही,
त्यावर गाणं वाजतं, गाण्यावर कुणी ओरडतं,
आणि कोपऱ्यात आकडे उलटे धावतात,
तीस, एकोणतीस, अठ्ठावीस.
दोन चढाया रिकाम्या गेल्या
की तिसरी रिकामी चालत नाही म्हणे.
चिंधू तर सात सात वेळा रिकामा यायचा,
समोरच्यांना नुसतं चालवून, दमवून,
रिकाम्या हातानं असा परतायचा
जसा पोळ्याचा मानाचा बैल.
आठव्यांदा मग तिघं घेऊन यायचा.

यंदा डिसेंबरात हर्षल बारा दिवस गावी आला.
गुडघ्याला पट्टा.
पटांगणात तूर वाळत घातली होती, राखणीला मी.
इस्तो पेटवला, बोलता बोलता म्हटलं,
एक चढाई घाल ना बे,
आज्यासाठी.
हसला. चपला काढल्या.
मी तुरीच्या ढिगाला पाठ लावून
डावा कोपरा धरला, वय त्रेसष्ट.

तो आला, एक पाय जपत,
कबड्डीकबड्डी
आणि हिवात उभी राहिली
तीच वाफ, तशीच सलग, नाकाशी जराशी फाटलेली.
मी पकडायचं विसरलो.
मनात मोजत मात्र होतो.

तिसाला तो आपसूक वळला.
मनगटावर काही नव्हतं, भिंतीवरही काही नव्हतं.
काहून फिरला बे?
टाइम झाला ना, आबाजी.

बोलतानाही त्याच्या तोंडातून ती निघत होती.
त्यानं पाहिली का, माहीत नाही.
तुरीचं एक खुंट माझ्या तळव्यात रुतलं होतं
आणि मी अजून वाकलेलाच.