बुधवारी, सात ते साडेआठ

ग्रिम्सबीच्या गोदीमागे, बंद पडलेल्या दोरखंडाच्या वखारीवर
आमचा वर्ग भरतो.
खुर्च्या चर्चने दिलेल्या, हीटर माझ्या घरचा.
सगळे थेट कारखान्यातून येतात,
हातांना हॅडॉकचा वास, मनगटावर एखादा
चुकार खवला.
मी म्हणते, बसा. आज दोनच शब्द.

मागच्या महिन्यात बॉरो आणि लेंड झालं.
दाइवाने वहीत दोन बाण काढले,
एक स्वतःकडे येणारा, एक दूर जाणारा,
आणि खाली लिहिलं: उसनं ते उसनंच, दिशा तेवढी बघायची.
शाबास, मी म्हटलं.
पुढच्याच बुधवारी ती तणतणत आली.
बसस्टॉपवरच्या पोराने तिला विचारलं होतं,
"तुझा लायटर लेंड करू का मी?"
इथेच जन्मला तो, मिस, इथेच वाढला!
मी काय सांगणार.
या गावात बाण कुठेही वळतात.
माझी आईसुद्धा शेजारून साखर लेंड करून आणायची,
आणि परत केल्याचं मला तरी आठवत नाही.

शेड आणि शॅडोला अख्खा पाऊण तास गेला.
शॅडो वस्तूला चिकटलेली, तिला कडा असते.
शेडमध्ये बसता येतं.
तेस्फालेम म्हणाला, आमच्याकडे शेडवरून भांडणं होतात,
शॅडोवरून कुणी भांडत नाही.
मी ते तसंच फळ्यावर लिहिलं.
मग खिडकीबाहेर बघितलं. नोव्हेंबर.
दोन्हींपैकी काहीच नव्हतं.

आज हिअर आणि लिसन.
हिअर आपोआप होतं, मी सांगते,
डोळ्याला पापणी असते तशी कानाला नाही, म्हणून.
लिसन करावं लागतं.
आणि लिसनच्या मागे टू लागतो, विसरू नका,
त्याला कुणाकडे तरी तोंड वळवावं लागतं.
करा वाक्यं.

दाइवा दिवसभर बर्फाचं यंत्र हिअर करते,
घरी गेल्यावर गाणी लिसन करते,
तिचा नवरा दोन्ही करत नाही.
वर्ग हसतो.
तेस्फालेम पेन्सिल खाली ठेवतो.
"बोटीत एक माणूस. रात्रभर मी त्याला हिअर केलं.
लिसन केलं नाही."

टू राहून गेला होता.
मी दाखवला नाही.
हीटर टिकटिकत राहिला, कुणीतरी खोकलं,
आणि आम्ही चहाला उठलो,
साडेआठ वाजायला अजून वीस मिनिटं होती.

घरी कॉलिन जागाच असतो.
एकतीस वर्षं ट्रॉलरच्या इंजिनखोलीत काढली त्याने,
आता कान नावाला.
यंत्र ड्रॉवरमध्ये, रबरबँड आणि जुन्या किल्ल्यांबरोबर.
ऐकू येत होतं तेव्हा वर्तमानपत्रामागून म्हणायचा, हं.
मी काहीही बोलले तरी, हं.
एकदा मी म्हटलं, कॉलिन, पडद्याला आग लागलीय.
हं.

आता मी कोट काढेपर्यंत
तो टीव्ही बंद करतो, जो तसाही मुकाच असतो,
खुर्ची माझ्याकडे फिरवतो,
चष्मा पुसतो
आणि माझ्या ओठांवर नजर लावून बसतो,
गळ टाकून बसावं तसा.

मी त्याला बोटीतल्या माणसाचं सांगते.
सावकाश, एकेक शब्द सुटा करत, वर्गातल्यासारखं.
तो मध्येच हात वर करतो.
"कोण होता?"

मला माहीत नाही.
आम्ही बाराजण होतो खोलीत,
चहात किती साखर ते विचारलं सगळ्यांना,
हे कुणीच विचारलं नाही.

पुढच्या बुधवारी से आणि टेल घ्यायचे आहेत.
फळ्यावर तारीख घालून ठेवलीय.
थांबतील ते आठवडाभर.